आईचं ‘हव’

माझ्या भावाच्या, इंद्रजीतच्या, फ्लॅटमध्ये बोलणाऱ्या वस्तू जास्त आहेत आणि बोलणारी माणसं कमी. पंखा हुकूम ऐकतो, टीव्ही हुकूम ऐकतो, आणि कोपऱ्यात एक गोल डबा ठेवलाय त्याला बाईचं नाव दिलंय. बाईचंच का, तर दिवसभर ‘हे लाव, ते बंद कर’ ऐकायचं असतं म्हणून. त्या कंपन्यांमध्ये एवढे शिकलेले लोक बसतात, पण घरात राबणारा पुरुषही असू शकतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी असं काही बोलले की इंद्रजीत म्हणतो, “दीदी, तुले हरेक गोष्टीत खोटच दिसते.” दिसते तर. फोन महागाचा घ्यायचा आणि दोन-तीन वर्षांत कंपनीनेच सांगायचं की हा आता म्हातारा झाला. सिनेमाचे पैसे भरायचे आणि एके दिवशी तो आपल्याच टीव्हीवरून गायब व्हायचा. यात खोट नाही तर काय मोरपीस दिसणार?

मी चेतना. सरकारी दफ्तरात बाबू आहे, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, रायपूरजवळ बीरगांवच्या जुन्या घरात आईबरोबर राहते. आईचं नाव माया. माहेर तुमसरकडचं. बाबांना इकडच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती रायपूरला आली, पण बोली तिने तिकडचीच ठेवली. छत्तीसगढकडून तिने एकच शब्द घेतला, ‘हव’.

हव म्हणजे हो. पण आईच्या तोंडी तो होकार नसतो. समोरचा बोलत असला की ती दर वाक्याला हव म्हणते, म्हणजे ऐकून राहिले, तू बोल. भाजीवाला भाव सांगतो, ती हव म्हणते आणि भाजी न घेता पुढे जाते. आमच्या आजीने, तिच्या सासूने, जन्मभर तिला शिव्या घातल्या, त्यालाही हव. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लहान पोरालाही ठाऊक आहे की मायाबाईंनी हव म्हटलं म्हणून कामाला लागायचं नसतं.

मागच्या हिवाळ्यात इंद्रजीत मंजिरी नावाच्या एका मुलीला घरी घेऊन आला. समता कॉलोनीत ऑफिस असलेल्या कुठल्याशा कंपनीत ती नोकरीला होती. कंपनी बोलीभाषांचे आवाज गोळा करत होती.

“काकू, फोनला आपली नागपूरकडची मराठी येतच नाही,” मंजिरी म्हणाली. “तुमच्यासारख्यांनी बोलून दिलं तर येईल. मग तुमची नात फोनशी मराठीत बोलेल, बघा.”

नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं. इंद्रजीतची मुलगी देवश्री आजीचं मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. आई म्हणते, “जेवली का वं बाई?” ती म्हणते, “दादी, भूख नहीं है.” आई हसते, आणि वाढलेलं ताट झाकून ठेवते. त्या नातीसाठी तिने मागच्या खोलीत पंखा बंद करून, खिडकीला चादर लावून, मंजिरीच्या मशीनपुढे रोज तासन्‌तास बोलून दिलं. अंबाडीची भाजी कशी करायची ते सांगितलं, लग्नातली गाणी म्हटली, बाबांशी झालेली भांडणं दोन्ही बाजूंनी करून दाखवली. पावसाळ्यात, वर्षावासाला, विहारात ती बुद्धाच्या जीवनाचा ग्रंथ वाचते, तसं वाचूनही दाखवलं. सुरुवातीला मंजिरीने मोबाइलवरून काहीतरी लांबलचक अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी वाचलं होतं. आई दर वाक्याला म्हणाली, हव.

उन्हाळ्यात नागपूरहून सरितामावशीचा फोन आला. ही आईची शाळेपासूनची मैत्रीण.

“माया, तू राशी सांगून राहिली का वं?”

“काहीही बोलू नको, सरिता.”

मावशीने माझ्या फोनवर पाठवलं. भविष्य सांगणाऱ्या कुठल्या तरी ॲपची जाहिरात होती. मी लावली आणि स्वयंपाकघरात आईचा आवाज आला. “वृश्चिकवाल्यांनो, ऐकून घ्या. शनी तुमच्या मागं लागून राहिला. शनवारी तेल वाहा, नाही त पोट्ट्याच्या नोकरीले ग्रहण लागन. पूजा इथंच बुक करा.” ‘ऐकून घ्या’ म्हटल्यावर ती थांबते ना, ते थांबणंसुद्धा उचललं होतं.

आई माझ्यासमोर उभी होती, हाताला कणीक लागलेली, तोंड बंद. आणि फोनमधून ती बोलत होती. मला भीती वाटली, आणि मग असा संताप आला की फोन भिंतीवर आपटायचाच बाकी राहिला.

ज्याला आमच्या घरचं ठाऊक नाही त्याला यात एवढं काय असं वाटेल. आईचे वडील बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन नागपूरहून परतले, तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक गाठोड्यात बांधून त्यांनी वैनगंगेत सोडले. भावकीने बोलणं टाकलं, पण ते हलले नाहीत. आईच्या लग्नात त्यांनी मुहूर्त काढू दिला नाही. त्या माणसाची मुलगी आता घरोघरच्या फोनमधून लोकांना शनीची भीती घालत होती.

“हे मी नाही म्हटलं,” आई मला म्हणाली. मला कशाला सांगावं लागत होतं? पण मग तिने शेजारी जाऊन तेच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी विहारातही. बाया हसल्या. एकीने विचारलं, “मायाबाई, किती भेटले मंग?” विहाराच्या कमिटीतला यशदीप, इंद्रजीतचा दोस्त, तेवढा गंभीर होता. “काकू, आषाढ पौर्णिमेपासून ग्रंथवाचन सुरू होते. त्याच्या आधी हे ॲपमधून निघाले पायजे. लोक बोलून राहिले. इकडं तुम्ही ग्रंथ वाचान आन् तिकडं राशी सांगान, कसं जमन?”

वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथ वाचणं हे आईचं काम होतं. मी शाळेत होते तेव्हापासून. घरात तिचं कोणी ऐकलं नाही, तिथे सगळे ऐकायचे. ते काम जाणार म्हटल्यावर तिने दोन दिवस भाकरीचा तुकडा मोडला नाही. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला घेऊन समता कॉलोनी गाठली.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यावर ऑफिस होतं. काचेचं दार, जमिनीवर बसायला रंगीत गाद्या, भिंतीवर इंग्रजीत जग बदलण्याच्या गप्पा. मंजिरीने आईला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसाचं ते रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज हिंदीत म्हणत होता की तुमचा आवाज कंपनी कोणत्याही कामाला वापरू शकते, कोणालाही देऊ शकते. पाठोपाठ आईचा आवाज, हव. पडद्यावर ते टाइप होऊन आलं होतं. उत्तर, ‘हवं’.

अनुस्वार मशीनने पदरचा घातला होता. आवाज कोणालाही विकायचाय? हवं. जणू आई हट्ट धरून बसली होती.

“हे हवं नाही, हव आहे,” मी म्हणाले. “आणि ते हो पण नाही. ती ऐकून राहिली होती फक्त.”

“ताई, रायपूरमध्ये हव म्हणजे होच ना? माझी आजीसुद्धा दिवसभर हव...” ती मध्येच थांबली.

“तुझी आजी इथेच राहते?”

“हो. मागच्या गल्लीत.”

“मराठी बोलते?”

“बोलते.”

“मग तिचा आवाज का नाही नेला? बीरगांवपर्यंत कशाला आलीस?”

मंजिरी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. “आजीला उगाच त्रास नको म्हणून,” ती म्हणाली. निदान खरं तरी बोलली.

मी आवाज चढवला. आजूबाजूचे पोट्टे कानातली यंत्रं काढून बघायला लागले. काय ते एकदाचं काढून टाका, असं मी म्हटलं. मंजिरी समजावणीच्या सुरात म्हणाली, “आत गेलेला आवाज वेगळा काढता येत नाही, ताई. चहात साखर विरघळते ना, तसं.”

“मग चहा फेकून दे.”

तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलली. “बाई, शनीचं वाक्य मी म्हटलंच नाही. तू मले ते वाचाले देल्लंच नव्हतं. मंग माह्या तोंडून कसं निघालं?”

“काकू, आता प्रत्येक वाक्य तुम्ही म्हणायची गरजच नसते,” मंजिरी म्हणाली. चांगली बातमी द्यावी तसं म्हणाली ती.

मी पोलीस थाण्यात गेले. तिथला मुंशी म्हणाला, “मॅडम, आवाज़ चोरी हो गई बोल रही हो, और माताजी तो बोल रही हैं.” मी कंपनीला पत्रं लिहिली. उत्तर लगेच यायचं, गोड भाषेत, आणि खाली विचारायचे की आमच्या सेवेला किती तारे द्याल. त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं काही होतं, पण त्याला त्यांनी जागा ठेवली नव्हती.

पौर्णिमा आली. जाहिरात चालूच होती. आई पांढरं लुगडं नेसली, ग्रंथ कापडात बांधला, चष्मा पुसला. “यशदीपले मी समजावून सांगन,” ती म्हणाली. “इतक्या वर्सांचे लोक हायेत, समजून घेतीन.”

विहारात गेलो तर समोर नवा काळा स्पीकर. शेजारी पांढऱ्या शर्टात इंद्रजीत, लग्नघरातल्या मुलासारखा खूश.

“दीदी, मी मिटवलं सगळं,” तो म्हणाला. “मंजिरीशी बोललो. कंपनी राशीवालं काढून नाही राहिली, पण बदल्यात त्याच आवाजात पूर्ण ग्रंथ करून देल्ला. तीन महिन्याचा. फुकट. यशदीप बी तयार झाला. ग्रंथ ऐकला का लोक राशी विसरतीन.”

“ज्यांनी शनी विकला त्यांच्याकडून ग्रंथ आणला तू?”

“कंपनीले धर्म नसते, दीदी. आईले तीन महिने घसा ताणाचं काम नाही, आन् आवाज तिचाच. आता यातही खोट काढशीन का?”

मी तोंड उघडलं, पण लोक बसायला लागले होते. आईच्या दरवर्षीच्या जागेवर, पुढे, स्पीकर होता. ती बायांच्या ओळीत माझ्याजवळ सतरंजीवर बसली, ग्रंथ मांडीवर.

वंदना झाली. स्पीकर सुरू झाला. स्वच्छ, भरलेला, दहा वर्षांपूर्वीचा वाटावा असा आईचा आवाज विहारभर पसरला. बायांनी हात जोडले. कोणी हसलं नाही, कोणी राशी आठवली नाही. इंद्रजीत म्हणाला होता तसंच झालं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आईचे ओठ हलत होते, स्पीकरच्या एक शब्द पुढे.

मग सिद्धार्थाच्या जन्मानंतर त्याची आई महामाया जाते तो भाग आला. इथे आई दरवर्षी थांबते. तिचा गळा भरून येतो, ती पदर तोंडाला लावते, आणि बाया वाट बघतात. मशीनला गळा नव्हता. ते वाक्य त्याने अंबाडीच्या भाजीच्या सुरात म्हटलं आणि पुढे गेलं.

आई उठली. गुडघ्याला हात देत पुढे गेली आणि स्पीकरची वायर ओढून काढली. ग्रंथ उघडला आणि तेच वाक्य वाचायला लागली. पण आवाज फाटला, खाली गेला, मागे पोचेना. तिने दोन-चार ओळी ओढल्या. मी मनात म्हणत होते, वाच, आई, वाच.

मागून एक बाई प्रेमानेच म्हणाली, “मायाबाई, घसा बसला वं तुमचा. ते मशीन लावा नं. त्यात तुमचा आवाज चांगला साफ येते.”

आईने चष्मा काढला. सगळ्यांकडे बघितलं. “मंग मी थांबू का?” तिने विचारलं. ती खरंच विचारत होती.

कोणी नको म्हटलं नाही. यशदीप भिंतीकडे बघत होता. इंद्रजीतने हळूच वाकून वायर लावली, आणि आवाज जिथे तुटला होता तिथून पुढे वाहायला लागला. आई परत येऊन माझ्याजवळ बसली. तिने ग्रंथ कापडात बांधला आणि त्या स्पीकरसमोर हात जोडले, बाकीच्या बायांसारखे.

मला ते सहन झालं नाही. मी तिचे हात धरून खाली ओढले. तिने ते सोडवून घेतले आणि पुन्हा जोडले.

“ग्रंथ चालू हाये, चेतना,” ती म्हणाली. स्पीकरचा आवाज इतका मोठा होता की मला ते तिच्या ओठांवरून समजून घ्यावं लागलं.