पुढच्या आठवड्याचा फळा

मित्रांनो, मी भविष्य सांगतो. माझ्या अंगावर जे लिहिलं जातं ते घडतं. निदान ते घडावं, अशी माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसांची मनापासून इच्छा असते. आता खरं सांगायचं तर मी फक्त पुढच्या आठवड्याचं भविष्य सांगतो, तेही सोमवार ते शुक्रवार, आणि त्यातलं बरंचसं मागच्या आठवड्यातच घडून गेलेलं असतं.

मी एक जुना पांढरा फळा. लोखंडी पत्रा, त्यावर भट्टीत भाजलेला गुळगुळीत मुलामा आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट. जन्म ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळच्या एका कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली तिथल्याच एका आखाताकाठच्या गावात, जहाजांच्या धक्क्याजवळच्या धान्याच्या कोठारात. तिथे माझ्यावर सातूच्या ट्रकांचे नंबर आणि वजनं लिहीत. मी सुखी होतो. ट्रक आला की आला, गेला की गेला. ट्रकाच्या मनात नेमकं काय चाललंय, हे तिथे कुणी कुणाला विचारलं नाही. पुढे वजनं कॉम्प्युटरवर गेली, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि एके दिवशी कोठाराच्या मॅनेजरने मला गावच्या पाळणाघराला देऊन टाकलं.

पाळणाघरात मला तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत टांगलं. ती खोली ग्लेनिस ट्रेझिझची. ग्लेनिस पन्नाशीची, डिप्लोमा झालेली, गुडघे दुखत असूनही दिवसभर जमिनीवर बसणारी. पहिल्या आठवड्यात तिने माझ्यावर लिहिलं, ‘सोमवार: चिखल. मंगळवार: लोकाग्रहास्तव पुन्हा चिखल.’ संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले आईबाप ते वाचून हसायचे आणि मग पोराच्या बुटांकडे बघून हसायचे थांबायचे.

मित्रांनो, थक्क होणं म्हणजे काय ते मला इथे कळलं. कोठारात मी जहाजं भरताना पाहिली होती, पण स्वतःची बाही सापडत नसलेला एक माणूस मुंगीच्या मागे अख्खं अंगण रांगत गेलेला मी पहिल्यांदा इथे पाहिला. टोस्टवरचं काळंकुट्ट, चिकट व्हेजिमाइट बोटाने भिंतीला लावून, मागे सरकून, मान तिरकी करून स्वतःचं काम तपासणारी बाईही मी पाहिली. तिचं वय होतं तीन. असल्या लोकांच्या पुढच्या आठवड्याबद्दल माझ्यावर लिहिलं जातं, याचं मला दडपणच यायचं.

मग सरकारी तपासणी झाली. तपासणीवाल्यांनी इतर सगळं ठीक म्हटलं, पण ग्लेनिसच्या खोलीपुढे शेरा मारला, ‘नियोजनात सुधारणेस वाव आहे.’

पाळणाघराची प्रमुख मेरिडी क्लोडन ही फार चांगली बाई. तिला कुणालाही नाही म्हणता येत नसे. तिने लगेच सल्ला मागवला, आणि सल्ला मागवला की तो येतो, हा या धंद्यातला एक निसर्गनियम आहे.

पहिल्या सल्लागार बाईंनी सांगितलं की महिनाभराचा विषय आधीच ठरलेला हवा. विषय ठरला ‘समुद्र’. गल्लीच्या टोकाला खराखुरा समुद्र असलेल्या मुलांनी कागदाचे मासे कापले. हे निळ्या मार्करने लिहायचं. दुसऱ्या सल्लागारांच्या गळ्यात लाकडी मण्यांची माळ होती. त्या म्हणाल्या, आधीपासून नियोजन करणं हा बालकाचा अपमान आहे. बालकाच्या मनात जे उमटेल तेवढंच हिरव्याने लिहा. तिसरे गृहस्थ ॲडलेडहून पडद्यावर बोलले. त्यांच्या मते दोघींचंही बरोबर होतं, पण मोठ्यांनी जाणीवपूर्वक काही शिकवलं नाही तर ती नुसती राखण होते. त्यांचा रंग लाल.

मेरिडीने तिघांचंही मानलं. मी तिरंगी झालो. अडचण एकच होती. मुलांच्या मनात उमटणारी गोष्ट हिरव्याने लिहायची, पण फळा तर सोमवारीच भरलेला हवा. म्हणून सोमवारी माझ्यावर लिहिलं गेलं, ‘शुक्रवार: मुलांना अचानक गोगलगायींबद्दल कुतूहल वाटेल.’ गुरुवारी संध्याकाळी ग्लेनिसने आपल्या परसातल्या कोबीवरून गोगलगायी वेचल्या आणि आइस्क्रीमच्या डब्यातून आणल्या. शुक्रवारी मुलांना कुतूहल वाटलं, ते डब्याबद्दल. आत आइस्क्रीम नाही हे कळल्यावर तेही ओसरलं.

ग्लेनिस हे सगळं निमूटपणे करत होती, कारण मेरिडीने तिला एकदा बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. पाळणाघराच्या समितीचं म्हणणं पडलं होतं की पुन्हा तोच शेरा आला तर ही खोली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावी आणि ग्लेनिसने तान्ह्या बाळांकडे मदतनीस म्हणून जावं. ग्लेनिसला बाळांचा तिटकारा नव्हता. पण ही खोली तिची होती. त्या दिवशी जेवणाच्या डब्यातली पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, तिने तशीच घरी नेली.

याच सुमारास खोलीत क्लेम नावाचा नवा मुलगा आला. गावाबाहेरच्या शेतावरचा, बोलणं जेमतेम. सकाळी येई, पाण्याच्या टेबलाशी उभा राही आणि एका जगमधलं पाणी एका पेल्यात ओतत बसे. दुपारपर्यंत तेच. निळ्या मताप्रमाणे त्याला माशांच्या टेबलाशी न्यायला हवं होतं. हिरव्या मताप्रमाणे त्याला आणखी जग द्यायला हवे होते. लाल मताप्रमाणे त्याला ‘जड’ आणि ‘हलकं’ शिकवायला हवं होतं. ग्लेनिसने तिन्ही केलं. माशांकडे नेल्यावर तो रडला, जास्त जग पाहून गोंधळला, आणि ‘जड’ म्हटल्यावर त्याने पेला खाली ठेवला. या प्रत्येक प्रसंगाचे, आईबापांना आणि तपासणीत दाखवायला, टॅबलेटवर फोटो निघाले. फोटो काढताना साहजिकच त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

फेरतपासणीच्या आठवड्यात मेरिडीने रंगीत तालीम घेतली. स्वतः तपासनीस झाली आणि माझ्यावरच्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागली.

“हे मासे का?”

“त्या पहिल्या बाई म्हणाल्या म्हणून,” ग्लेनिस म्हणाली.

“आणि क्लेमला इतके जग?”

“माळवाल्या बाई म्हणाल्या म्हणून.”

“अगं, असं सांगतात का कधी? कारण सांग ना.”

“तेच तर सांगतेय, मेरिडी. याला दुसरं कारणच नाही.”

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या रंगांत न्हाऊनही मला त्या क्षणी अंगावर काहीच नसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी क्लेमची आई त्याला न्यायला आली. ग्लेनिसने या वेळी फोटो दाखवले नाहीत. तिने विचारलं की घरी हा पाण्याशी खेळतो का. आई हसली.

“घरी? घरी टाकीचं पाणी, बाई. वरून पाऊस पडेल तेवढंच. एक थेंब सांडला तरी त्याचे आजोबा घसा खाकरतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस टॅबलेट कपाटात ठेवून क्लेमशेजारी जमिनीवर बसली. मी समोरच होतो. इतके दिवस समोरच होतो, तरी मीसुद्धा तोपर्यंत पाहिलं नव्हतं. क्लेम ओतत नव्हता. तो सांडू देत नव्हता. पेला भरत आला की त्याचा हात इतका सावकाश व्हायचा की पाणी कधी थांबलं ते कळू नये. मग पाणी काठाला लागलं. मग काठाच्या वर चढलं. पेल्याच्या तोंडावर पाण्याचा एक उंचवटा उभा राहिला, चकाकत, थरथरत, कशाच्याही आधाराविना. ग्लेनिसने श्वास रोखला. माझ्याकडे श्वास नाही, पण असता तर मीही रोखला असता.

“आता?” ती हळूच म्हणाली.

“थांब,” क्लेम म्हणाला. “पाणी ठरवतंय.”

दोघं थांबली. बाहेर कुणीतरी कुणाचीतरी टोपी पळवली होती, रडारड चालली होती. पाण्याने न सांडायचं ठरवलं.

दुपारी मुलं झोपल्यावर ग्लेनिसने मला पुसलं. निळं, हिरवं, लाल, सगळं. मेरिडी दारात आली आणि पांढरीफटक पडली. तपासणी उद्यावर आलेली. तिने घाबरून विचारलं की पाळणाघरांच्या कायद्याचं काय.

“कायदा मी काल वाचला,” ग्लेनिस म्हणाली. “चहा निवायच्या आत संपला. मुलाकडे पाहा, दिसेल त्यावरून पुढचं ठरवा, आईबापांना कळेल असं लावा. रंगांचं नावसुद्धा नाही त्यात.”

“आणि त्या तिघांना काय सांगू मी?”

“सांग, तिघांचंही थोडं थोडं घेतलंय. क्लेमला लागेल एवढं.”

मग तिने साध्या काळ्या मार्करने लिहिलं, ‘क्लेम पाणी काठापर्यंत भरतो आणि सांडू देत नाही. घरी पाणी जपून वापरतात. उद्या: निमुळत्या तोंडाची बाटली, नरसाळं. शब्द: काठोकाठ.’ सामान आधी मांडून ठेवणं पहिल्या बाईंचं, सुरुवात मुलापासून करणं माळवाल्या बाईंचं, आणि शब्द पडद्यावरच्या गृहस्थांचा. बाकीचं सगळं फडक्यात गेलं होतं. मग तिने एकेक मूल आठवत माझ्यावर ओळी लिहिल्या, आणि जिथे काही आठवलं नाही तिथे लिहिलं, ‘उद्या हिच्याकडे नीट बघायचं.’

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी विचारलं, “ही बाटली का?” ग्लेनिस सांगू लागली. मध्येच थांबून म्हणाली, “तुम्ही बसाच ना. तो आता भरतोय.” ते भले गृहस्थ पँट सावरत जमिनीवर बसले. त्यांचं पेन हातातच राहिलं. बाटलीच्या तोंडाशी पाणी चढलं, फुगलं, उभं राहिलं. खोलीतली तीन माणसं आणि एक फळा, कुणी हललं नाही.

“काठोकाठ,” क्लेम त्यांना म्हणाला. समजावून सांगितल्यासारखं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला मऊ फडक्याने पुसा. घासू नका, मुलामा जातो. आणि तुमच्याविषयी त्याच्यावर काही लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला खुशाल विचारा, की हे लिहिण्यापूर्वी तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं का. मोठी माणसं मनाने वाईट नसतात. त्यांना फक्त अधूनमधून खाली बसवावं लागतं.

ग्लेनिसची खोली ग्लेनिसकडेच राहिली. अहवाल महिनाभराने आला. नियोजनापुढे लिहिलं होतं, ‘समाधानकारक’. त्याखाली सविस्तर सूचना एकच होती. मुलांच्या बाथरूममधला साबण संपलेला आहे.