अ लागला की उलटं

जालिंदरनं आयुष्यात एकच शोध लावला, आणि तो चुकीचा निघाला. चूक त्याच्या एकट्याच्या अंगावर आली असती तर त्यानं ती हसत झटकली असती. पण ती पोरीच्या पेपरात उतरली.

जुन्नरकडच्या आण्याच्या पठारावरून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पाऊस लागायच्या आत परत चढायचं, हा त्याच्या घरचा पिढ्यांचा रिवाज. त्याची लेक सृष्टी चौथीपर्यंत आजीपाशी गावात राहून शिकली. उन्हाळ्यात आजी गेली. पाचवीतल्या पोरीला एकटीला कुणापाशी ठेवायचं, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. मग तीही मेंढरांमागं निघाली.

शाळेतले सावळाराम सर मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं बारावीपर्यंत तिथंच. फक्त परीक्षा पाचवीत आणि एकदाच, पुढच्या वर्षी पुन्हा बसू म्हणायची सोय नाही. नंबर लागला तर पोरगी शिकणार, नाही तर तिची शाळा सुटली, इतकं ते सरळ होतं. सरांनी एक जाडजूड गाईडही दिलं आणि सांगितलं, "जालिंदर, गणितात पोरगी हुशार आहे. भाषेचं तेवढं बघ. समानार्थी विशेषणं रोज दहा तरी कर."

जालिंदर आठवी पास. त्यानं ते काम मनावर घेतलं. मेंढरं पुढं, बिऱ्हाड घोड्यावर, आणि मागून बाप-लेकीचा गजर. विशाल? मोठा. देखणा? सुंदर. निर्भय? धीट. त्याची बायको हिरा एकदा वैतागून म्हणाली, "आता मेंढरं बी बे बे करायची सोडून विशाल विशाल करतील."

मग मुरबाडच्या अलीकडं एका तळावर शेळीनं गाईडची शेवटची पानं खाल्ली. मधली खाल्ली असती तरी चाललं असतं, पण तिला नेमकी उत्तरांचीच गोड लागली. गणिताची उत्तरं सृष्टी स्वतः काढायची. शब्दाचा अर्थ कसा काढायचा?

सरांना विचारता आलं असतं. टेकडीवर चढलं की मोबाईलला रेंज यायची. जालिंदर दोनदा चढलाही, आणि एवढ्या-तेवढ्यासाठी सरांना कशाला त्रास, असं म्हणून उतरला. खरं कारण निराळंच होतं. पोरगी म्हणाली होती, "पप्पा, तुमाला सगळं येतं," आणि ते वाक्य त्याला फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला शोध लागला. "हे बघ बाळा, शब्दाला आधी अ लागला की अर्थ उलटा. अशक्त म्हंजे शक्ती न्हाई तो, अस्वच्छ म्हंजे स्वच्छ न्हाई ते. पाठ करायची गरजच न्हाई. अ झाकायचा, राहिलेला शब्द वाचायचा, आन् त्याच्या उलट्या पर्यायाचा गोल काळा करायचा."

"मग हे अचपळ?" सृष्टीनं बोट ठेवून विचारलं.

"चपळ न्हाई तो. मंद."

ती काहीतरी विचारणार होती, पण मेंढरं कुणाच्या तरी वालाच्या वावरात शिरली आणि जालिंदर काठी घेऊन धावला. ते विचारायचं राहूनच गेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप-लेक माळशेज घाटातून एसटीनं वर आले. मेंढरं हिरा आणि तिच्या दिराच्या हवाली. कुलूप काढून घरात रात्र काढली आणि सकाळी जुन्नरच्या केंद्रावर वेळेच्या तासभर आधी हजर. सृष्टीनं दोन वेण्या घातल्या होत्या. आत जाताना तिनं वळूनही पाहिलं नाही, इतकी ती निर्धास्त होती. शिपायानं फाटक ओढून घेतलं.

बाहेर लिंबाखाली आईबापांची गर्दी. जालिंदरशेजारी खोडदचा संपत बसला होता. बागायतदार माणूस, बोलायची हौस मोठी. त्याच्या समृद्धीला नारायणगावात क्लास लावला होता. हातात तेच गाईड, पण अंगानं धडधाकट.

"आमच्या सरांनी फसव्या शब्दांचा वेगळा तास घेतला, पावणं," तो सांगू लागला. "पोरं लई फसत्यात, अन् इथं एकेका मार्कानं नंबर जातो. आता हेच बघा ना, अचपळ. पोरांना वाटतं चपळ न्हाई तो. अन् अर्थ काय, तर खोडकर! एका जागी न बसनारा."

जालिंदर हसला. "न्हाई हो भाऊ. अ लागला की उलटं."

"कोन म्हनलं?"

संपतनं गाईड उघडून शेवटची पानं त्याच्यापुढं धरली. ती पानं जालिंदर पहिल्यांदाच बघत होता. अचपळ, खोडकर. खाली अघोर, भयंकर. त्याखाली अमूल्य, मौल्यवान. तो बोट फिरवत पार खालपर्यंत गेला. बारीक टाइपात छापलेलं होतं सगळं, आणि फसव्या शब्दांतला एकही त्याच्या शोधाप्रमाणं नव्हता.

तो उठून फाटकाशी गेला. "साहेब, पोरीला एक निरोप द्यायचाय."

"पेपर चालू आहे," शिपाई म्हणाला.

"एकच शब्द हाय."

"एक अक्षरसुद्धा नाही. आणि इथून ओरडलात तर पोरीचाच पेपर काढून घेतील, सांगून ठेवतो."

जालिंदरच्या हाळीनं दरीपलीकडची मेंढरं वळतात. ज्या खोलीत पोरगी बसली होती, तिची खिडकी फाटकापासून वीस पावलांवर होती, आणि उघडी होती. तो फाटकाचे गज धरून उभा राहिला आणि त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. आपल्याला आठवीपर्यंत तरी का शिकवलं, असं त्याला वाटलं. अडाणी असतो तर मुकाट्यानं सरांना विचारलं असतं.

घंटा झाली. पोरं बाहेर सुटली. सृष्टी धावतच आली.

"पप्पा, लई सोपा व्हता! तुमच्या युक्तीचे चार आले, चार! मी एका दमात काळे केले."

"अचपळ आलता?"

"आलता की. मंद केलं. आधी खोडकरवर पेन नेलं व्हतं, कारन आजी मलाच अचपळ म्हनायची. पन म्हनलं, आजीला कुठं लिवता-वाचता येत व्हतं? तुमी सांगितलंय तेच खरं."

संपत मागंच उभा होता. जालिंदरनं पोरीच्या डोक्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि छातीपाशी हात जोडले. काही बोलू नका भाऊ, निदान आज नको. संपत कितीही बडबड्या असला तरी बाप होता. त्यानं गाईड पाठीमागं धरलं आणि म्हणाला, "शाब्बास पोरी. बरोबर आलं."

त्याची समृद्धी सृष्टीच्या मागोमागच पोचली होती. तिनं ते सगळं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. "पण मी तर खोडकर केलं," ती म्हणाली. "अमूल्यला मौल्यवान केलं. तेही चुकलं?" आणि तिला रडू फुटलं. वर्षभर घोकलेली पोर ती, हुंदक्यावर हुंदके देऊ लागली.

संपत जालिंदरकडं पाहू लागला, जालिंदर संपतकडं. शेवटी जालिंदर त्या पोरीपुढं खाली बसला. परक्याच्या लेकराला रडवून आपल्या लेकराचं हसू राखायचं, हे त्याला जमेना.

"रडू नको बाळा. तुझं बरोबर हाय," तो म्हणाला. "तुझं समदं बरोबर हाय. चुकी माझी हाय. मी पोरीला उलटं शिकवलं."

समृद्धीचं रडं थांबलं. संपत तिला घेऊन गाडीकडं गेला. जाताना त्यानं जालिंदरच्या खांद्यावर हात ठेवला.

जालिंदर तसाच बसून राहिला. वर बघायचा त्याला धीर होईना. आता पोरगी रडेल, ओरडेल, का सरांना फोन केला नाही म्हणून भांडेल, आणि ती भांडली तर बरं होईल, असं त्याला वाटत होतं.

सृष्टी भांडली नाही. तिनं पॅड आणि पेन पिशवीत घातलं, पिशवीची चेन ओढली. मग रोजचंच काही विचारावं तसं सहज विचारलं,

"पप्पा, मेंढरं आता कुठवर पोचली असत्याल? आज निघालो तर आपन गाठू का त्यांना?"