ओठ बंद ठेवायची अट

प्रागला जायचं ठरलं तेव्हा दुर्गाबाईंनी पोराच्या, सुगतच्या, दोन अटी मान्य केल्या. एक, बॅगेत ठेच्याची बरणी ठेवायची नाही. दोन, तिथल्या परिषदेत त्याच्या भाषणाच्या वेळी ओठ हलवायचे नाहीत. पहिली अट त्यांनी अकोल्याच्या घरातच मोडली. दुसरी मात्र पाळायचीच, असं मनाशी पक्कं केलं होतं.

ओठांचं प्रकरण जुनं. बाईंनी बाळापूरच्या अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली. पोरं गाणं म्हणायला उभी राहिली की यांचे ओठ आपोआप पुढची ओळ म्हणायचे. सुगत चौथीत असताना चौदा एप्रिलला विहारासमोर भाषणाला उभा राहिला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईचे ओठ त्याच्याही पुढं पळाले. तिच्या ओठांकडं बघता बघता पोरगं आपलं वाक्य विसरलं. सगळे हसले. पुढं कॉलेज झालं, कापसावरच्या बोंडअळीत डॉक्टरेट झाली, पण आईला त्यानं एकाही भाषणाला समोर बसू दिलं नाही. ते बाईंना लागलं होतं. यंदा त्यानं कसं कोण जाणे, स्वतःहून येतेस का म्हणून विचारलं.

परिषदेआधी दोन दिवस फिरायला होते. सुगतचं फिरणं म्हणजे अजब कारभार. जे बघायला आलो त्याच्याकडं पाठ करायची आणि आईला भाषण ऐकवायचं. किल्ल्यापुढं सुरुवात झाली: आपण कोण, कुठले, वऱ्हाडात कापूस किती.

"कसा वाटला किल्ला?" त्यानं विचारलं.

"मोठा हाये. पण आपल्या बाळापूरच्या किल्ल्यात बसाले तरी जागा भेटते."

मग चौकातलं जुनं घड्याळ. दर तासाला त्याच्या खिडकीतून बाहुले निघतात. ते बघायला शे-दोनशे माणसं माना वर करून उभी, आणि सुगत एकटा आईकडं तोंड करून, अळीचे पतंग कधी बाहेर पडतात ते इंग्रजीत सांगतोय.

"काहून रे, इतक्या दूर घड्याळाले पाठ दाखवाले आला का?"

"सराव नाही केला तं माही फजिती होईन, आई."

शेवटचा भाग, शेतकऱ्यानं काय करायचं तो, नदीवरच्या पुलावर झाला. पुलाच्या दोन्ही कडांना दगडी पुतळे उभे होते.

"पुतळे बी कंटायले तुह्या भाषणानं," बाई म्हणाल्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. पण कुठं पोरगं हात उचलतं, कुठं श्वास घेतं, ते सगळं पाठ झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सभागृहात बाई मधल्या रांगेत बसल्या आणि खबरदारी म्हणून त्यांनी पदर तोंडावर धरला. किल्ल्याचा भाग नीट पार पडला. घड्याळाचाही. मग पडद्यावर हिरव्या शेताचा फोटो आला आणि सुगत थांबला. पाणी प्याला. पुन्हा थांबला. अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

चौथीतलं पोरगं असंच उभं होतं. दुर्गाबाईंचे ओठ नुसते शिवशिवत होते. त्यांनी पदर आणखी घट्ट दाबला. आपल्यामुळं ते पुन्हा व्हायला नको.

सुगतची नजर रांगांमधून आईपर्यंत आली. तोंडावरचा पदर त्याला दिसला. त्यानं हनुवटीजवळ दोन बोटं नेली आणि खाली ओढली, पदर काढ म्हणून. बाईंना खरं वाटेना. त्यानं पुन्हा तेच केलं, या वेळी अगदी अजिजीनं.

बाईंनी पदर सोडला. इंग्रजी कुठून आणणार? जे होतं तेच ओठांवर आणलं, आवाज न करता: पूल.

सुगत हसला. पुलावरचं पहिलं वाक्य त्याच्या तोंडी आलं, मग दुसरं, आणि भाषण टाळ्यांपर्यंत सुरळीत गेलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मोडली ना अट?"

"म्या नाही मोडली. तू मोडाले लावली."

"बरं. आता पुढच्या टायमाले पहिल्या रांगेत बसजो."

डोळे पुसून दुर्गाबाई चालायला लागल्या, हॉटेलच्या उलट्या दिशेनं.

"तिकडं कुठं?"

"पुलावर. तो पाह्याचा राह्यला ना. दोन दिवस म्या तुलेच पाह्यलं."