गाडी ठणठणीत आहे

इकडे बघा, गॅरेजच्या कोपऱ्यात. जुन्या चादरीखाली उभी आहे ती मोटारसायकल, मी बोलतेय. उद्या मला न्यायला येणार आहेत, म्हणून जे बोलायचं ते आजच बोलून घेते. आत्तापर्यंत मी नुसते आवाज काढले. त्यांचा अर्थ लावायला माणसं होती, पण त्यांनी भलताच लावला.

मी एकशे पंचवीस सीसीची. जपानमध्ये बनले आणि जहाजातून सिएटलला उतरले. अमेरिकेत माझ्याएवढ्या गाडीला कोणी गाडी म्हणत नाही. माझ्या पहिल्या मालकाने मला दोन वर्षं गवत कापायच्या मशीनशेजारी ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'टॉय' म्हणून दाखवलं. मला फार राग यायचा. अरे, आधी चालवून तर बघा, मग नावं ठेवा.

चौऱ्याऐंशी साली उल्हास आला. मूळचा सांगलीचा, इथे सिएटलजवळ बॉथेलमध्ये राहणारा इंजिनिअर. सांगलीला त्याने स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं. आठ वर्षं थांबला, नंबर लागला नाही, आणि शेवटी विमानात बसून इकडे आला. हे सगळं त्याने मला घरी नेताना रस्ताभर सांगितलं. माझ्याशी तोपर्यंत कोणी बोललंच नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

त्याची बायको मृणालिनी मात्र दारातच थबकली. तिचा धाकटा भाऊ नाशिकला स्कूटरवरून पडून गेला होता. तिने मला हात लावला नाही.

"ठेव गाडी," ती म्हणाली. "पण उल्हास, एकदा जरी पडलास ना, तरी दुसऱ्या दिवशी ही घरात दिसता कामा नये. लहान-मोठं मी काही बघणार नाही."

"कबूल," उल्हास म्हणाला.

दोन वर्षं तो पडला नाही. रविवारी मला पुसायचा, चेनला तेल द्यायचा. दसऱ्याला माझ्या टाकीवर कुंकू लावायचा, हँडलला शेवंतीचा हार घालायचा. समोरच्या घरातला म्हातारा काठीवर रेलून बघत राहायचा. आपली पूजा होतेय म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही? मी जरा शेफारलेच होते.

शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. हँडलचा हार वाळला होता, पण त्याने काढला नव्हता. शुक्रवारी तो ऑफिसातून परत येत होता. आमच्याच गल्लीच्या वळणावर मेपलची ओली पानं पसरली होती. वेग म्हणाल तर सायकलएवढा. माझं मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं डाव्या अंगावर आडवे झालो. त्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. हेल्मेट होतं, तरी तो आवाज मी ऐकला.

मिनिटभर उल्हास उठलाच नाही. हे फक्त मला माहीत आहे.

मग तो उठला. आधी त्याने कोणी बघितलं का ते बघितलं. मग मला उभं केलं, माझा आरसा चाचपला, हँडल बघितलं, पाय ठेवायचा रॉड सरळ केला. स्वतःच्या अंगावरून त्याने एकदाही हात फिरवला नाही. घरी आल्यावर हेल्मेट काढलं, तर त्याला मागच्या बाजूला बोटभर लांब तडा गेलेला. तो तडा त्याने नीट बघितला आणि हेल्मेट रंगाच्या डब्यांमागे, वरच्या फळीवर सरकवून दिलं. माझ्या काळजात धस्स झालं. मला काळीज नाही म्हणता? नसू दे.

"ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्टँडवरून कलंडली," त्याने मृणालिनीला सांगितलं. "मी जवळपास नव्हतोसुद्धा."

तो माझ्यासाठी खोटं बोलला. मला घालवायला लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी वाजायला लागले. चाक फिरलं की खट, खट, खट. दुखणं काय होतं ते मला ठाऊक होतं. पडताना चेनचं कव्हर आत वाकलं होतं आणि चेन त्याला घासत होती. दोन मिनिटांचं काम. पण उल्हासने त्याचा मित्र विनयला बोलावलं. विनय पुण्याचा. पुण्यात दहा वर्षं स्कूटर चालवली म्हणजे इंजिनातलं सगळं कळतं, असा त्याचा समज.

"व्हॉल्व्ह आहे यार, शंभर टक्के," तो म्हणाला.

त्याने व्हॉल्व्ह ॲडजस्ट केले. आवाज गेला नाही. मग प्लग बदलला, इंजिनचं तेल बदललं. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक माझ्या इंजिनाला लावून दोघं आळीपाळीने ऐकत बसले. उल्हासने त्या मुठीवर डोकं टेकलं की मला त्याची नाडी कळायची. ती पहिल्यासारखी नव्हती.

चार दिवसांनी त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उलटी झाली.

"पित्त आहे," मृणालिनी म्हणाली. "उपाशीपोटी कॉफी पितोस, वर जागरण." तिने त्याला मोरावळा दिला, सासूने पाठवलेली सूतशेखरची गोळी दिली. उलटी झाल्यावर जरा बरं वाटायचंच, म्हणजे पित्तच, असं दोघांनी ठरवून टाकलं. तिला तरी काय बोलणार? डोकं आपटलंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तो म्हणायला लागला, "विनय, क्लच जड झालाय रे."

क्लच कुठला जड व्हायला? माझी केबल लोण्यासारखी चालत होती. त्याच्या डाव्या हाताची पकड सैल पडत होती, बोटं मुठीवरून निसटत होती. विनयने केबलमध्ये तेल सोडलं, सैल केली, पुन्हा घट्ट केली. "आता बघ, पोरगंसुद्धा दाबेल," तो म्हणाला. उल्हासने दाबून बघितलं आणि नुसतं हसला.

मी काय करू शकत होते? खट खट करत राहिले. दुसरा शब्द मला येत नव्हता.

रविवारी दिवाळीच्या फराळाला डॉक्टरकाका आले. चंद्रशेखर त्यांचं नाव. मोठ्या हॉस्पिटलात भूल द्यायचे, आणि इथली सगळी मराठी मंडळी त्यांना डॉक्टरकाकाच म्हणायची. वर चकल्या खाऊन झाल्यावर सगळे खाली माझ्याकडे आले. माझा आवाज म्हणजे एव्हाना सगळ्यांच्या गप्पांचा विषय झाला होता.

"थांबा," काका म्हणाले. "आपण स्पेशालिस्टला दाखवू." त्यांनी आपल्या कारमधून स्टेथोस्कोप आणला.

विनयने मला मोठ्या स्टँडवर घेऊन सुरू केलं, गिअर टाकला. मागचं चाक हवेत फिरायला लागलं. डॉक्टरकाकांनी नळ्या कानात घातल्या, माझ्या इंजिनावर चकती ठेवली आणि गंभीर तोंड केलं. सगळे हसले. मृणालिनीसुद्धा हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ उभी राहून. काका इंजिनावरून मागे मागे सरकत चेनच्या कव्हरपाशी आले.

"इथे," ते म्हणाले.

विनयने कव्हर पकडीने ओढून बाहेर घेतलं. आवाज बंद झाला.

"गाडी ठणठणीत आहे," काकांनी जाहीर केलं. मग उल्हासकडे वळून म्हणाले, "पडली तेव्हा तुला लागलं नाही ना रे?"

माणसं असंच विचारतात, उत्तर हातात देऊन.

"नाही हो काका, मी नव्हतोच तिथे," उल्हास म्हणाला. मग थोडा वेळ कान देऊन उभा राहिला. "पण आवाज अजून येतोय."

विनयने इंजिन बंद केलं. "आता?"

"आता पण येतोय."

"मग तो तुझ्या डोक्यात आहे," डॉक्टरकाका म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले. स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यातच होता. उल्हास हातभर अंतरावर होता. मला तेव्हा वाटलं, पुन्हा वाजावं, जोरात वाजावं. पण त्यांनी मला नुकतंच बरं केलं होतं.

सोमवारी सकाळी उल्हास खाली आला. माझ्यावर बसला. किल्ली लावली नाही. डावा हात क्लचवर ठेवला, पण बोटं मिटेनात. त्याने उजव्या हाताने ती एकेक करून मिटवली. मग हळूच उतरून माझ्या चाकाला टेकून फरशीवर बसला. मृणालिनी हाका मारत खाली आली तेव्हा तो उत्तर देत नव्हता.

पुढचं मला तिच्या बोलण्यातून कळलं. हॉस्पिटलात तिला विचारलं, हा कुठे पडला होता का? ती ठामपणे म्हणाली, नाही, कधीच नाही. पडला असता तर मला कळलं असतं, आमचं तसं ठरलंय. मेंदूवर रक्त साचलं होतं, कित्येक दिवसांचं. मंगळवारी उल्हास गेला.

महिन्याने ती फळी आवरायला आली आणि रंगाच्या डब्यांमागे तिला हेल्मेट सापडलं. तिने तड्यावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, "मी तशी अट घातली नसती तर त्याने सांगितलं असतं ना गं?" मला ती पहिल्यांदाच काहीतरी विचारत होती. हो, सांगितलं असतं. पण अट माझ्यामुळे होती, बाई. तुझी काय चूक?

काल मला बघायला एक गिऱ्हाईक आलं. शाळेची बस चालवणारी, पांढऱ्या केसांची बाई. तिने हँडलच्या टोकावरचा ओरखडा बघितला.

"ही पडलीय का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो," मृणालिनी म्हणाली. "एकदा."

मला वाटलं, आता ती इंजिनाला कान लावणार. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मृणालिनीकडे वळून म्हणाली, "आणि चालवणारा? त्याला कुठे लागलं?"

मृणालिनी तिथेच पायरीवर बसली आणि रडली. महिनाभरात मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. ती बाई शेजारी बसून राहिली.

उद्या त्या बाईंचा पिकअप येईल. हेल्मेट मृणालिनीने द्यायचं नाही म्हटलंय. मी जाईन, चालेनही, मला काही झालेलं नाही. जाता जाता तुम्हाला एकच सांगते. गाडी पडली तर तिला पडलेलीच राहू द्या. आधी माणसाजवळ बसा, आणि 'लागलं नाही ना' असं विचारू नका. कुठे लागलं, ते विचारा.