पोर्टला दिलेलं नाव

पोटची पोर जाऊन महिना झाला नाही, आणि हा माणूस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून लोकांशी नावांवरून भांडतो, याला काय म्हणावं! मुलाकडे बघून कुमुदिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आत सून, रुचिरा, बॅग भरत होती. उद्या भावाबरोबर पुण्याला निघायची होती आणि परत कधी येणार ते सांगत नव्हती. तिला तरी काय बोलणार? पोर दवाखान्यात काचेच्या पेटीतच गेली. घरी आणली की बारसं करू म्हणता म्हणता राहूनच गेलं. दवाखान्याच्या पट्टीवर 'बेबी ऑफ रुचिरा' एवढंच. आणि बाप? डोळ्यांत टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही.

फोनवर मात्र पुष्करचा गळा फाटत होता. "नहीं यार, पेरेंट का नाम और आगे एक नंबर, इतना काफी नहीं है! हर एक का अपना नाम चाहिए!"

चौथीत शाळा सुटली असली तरी एवढं हिंदी बाईंना इथल्या भाजीवाल्यांनी शिकवलं होतं. त्याने फोन ठेवताच त्या खुर्ची ओढून बसल्या.

"कुणाचं बारसं चाललंय?"

"पोर्टचं, आई. कंपन्यांची माहिती साठवायची मोठी गोदामं असतात. पोर्ट म्हणजे तिथलं दार. खरं दार एकच, पण त्यातच आम्ही पुष्कळ मानलेली दारं करतो. ती चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाच्या नावाला रकाना हवा, असं मी म्हणतोय. बाकीचे म्हणतात, खऱ्या दाराचं नाव आणि पुढे नंबर पुरे."

"जे दार नाहीच, त्याला नाव कशाला रे?"

"आहे ना, आई. दिसत नाही म्हणून काय झालं?"

पडद्यावरच्या एका रकान्यावर बाईंनी बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंयस?"

तो लॅपटॉप मिटायला गेला.

"पुष्कर, वाच."

"वल्लरी."

वरून विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या.

"टेस्टसाठी टाकलं होतं," तो म्हणाला. "उद्या काढायचंय. माझ्याच्यानं पुसवत नाही."

त्याच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात बाईंनी मागे घेतला आणि पदराने स्वतःचे डोळे टिपले.

"भित्रा आहेस तू. लेकीचं नाव यंत्राला सांगितलंस, जिनं तिला जन्म दिला तिला नाही. ऊठ. आत जा, रुचिराच्या कानात सांग. मग ती राहो नाहीतर जावो."