सड्यावरचा ळ

ळ काढणं सोपं नाही. क, प, व ही अक्षरं कुठलाही शिकाऊ पेंटर काढतो. ळ मात्र माणसाचा हात उघडा पाडतो. त्याची दोन पोटं अगदी सारखी आली तर चष्मा दिसतो, एक मोठं झालं तर तो कलंडल्यासारखा वाटतो. पेडण्याच्या बाजारात मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पुढे फ्लेक्स आला आणि माझे ब्रश वाळले, पण तो राग वेगळा, तो इथे काढत नाही. सांगायचं एवढंच, की मनासारखा ळ मला कधी जमला नाही, आणि तो आमच्या सड्यावर उभा होता.

आमचा गाव हळर्णच्या अलीकडे, चढणीवर. वर गेलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसाळ्यात तिथे रानफुलं येतात. बाकी मार्चपासून तो नुसता तापलेला तवा, गवताची काडी शिल्लक राहत नाही. पणजीहून कोणी पाहुणा आला की म्हणतो, अरे, हे तर वाळवंट. त्या वाळवंटाच्या मधोमध एक निवडुंग. बुंधा माझ्या कवेत न मावणारा. बाकीचे निवडुंग हात वर करून सरळ वाढतात. याची डावी फांदी बाहेर निघाली, खाली वाकली, जमिनीला टेकता टेकता पुन्हा वर वळली. उजव्या फांदीने तेच केलं, पण जरा आखडतं घेऊन, आणि तिचं टोक किंचित उचललेलं. संध्याकाळी पूर्वेकडच्या दगडावर बसावं आणि मावळत्या उजेडात बघावं, की समोर काळाभोर ळ. कोणी पेन्सिलीने आखला नाही, कोणी खोडला नाही. माझे आजोबासुद्धा त्याला म्हातारा म्हणत.

मी रोज जाऊन बसायचो. माझी बायको विनिता म्हणायची, "घरात बघूक कोण नाय तुमका? कांटे बघूक सड्यार जातात." जो ळ बघून समजत नाही, तो सांगून काय समजणार.

मग सड्यापलीकडे प्लॉट पडले आणि तिथे जायला रस्ता निघाला. आखणीचे खुंटे नेमके निवडुंगावरून गेले होते. मी विचारायला गेलो तर रस्त्याच्या कामाचे साहेब हसून म्हणाले, "काट्याचं झुडूपच ना ते?" जेसीबी येणार त्याच दिवशी मला डोळे तपासायला पणजीला जायचं होतं, आणि ती तारीख चुकली तर पुन्हा कधी मिळाली असती देव जाणे. सड्यावर शेवंतीच्या शेळ्या चरतात. ती आमच्या वाड्यावरचीच, बोलायला कमी आणि हटायला त्याहून कमी. तिला म्हटलं, "शेवंती, मी येईसर जरा राखण कर गो त्या झाडाची." ती "बरां" म्हणाली.

परत आलो तो सरळ सड्यावर गेलो. जेसीबी बाजूला गप्प उभा. निवडुंगाच्या पायाशी नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली, आणि जेसीबीचा ड्रायव्हर परशुराम हात जोडून उभा. हा चंदगडकडचा गडी. त्याने सकाळी शेवंतीला म्हटलं, "मावशी, बाजूला व्हा, झाड काढायचंय." ती कोयता घेऊन पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हय राखण असा."

झालं. आमच्या भागात राखण म्हणजे पहारा, आणि राखण म्हणजे राखणदाराला द्यायचा मानही. राखणदार हा गावची शीव सांभाळणारा, न दिसणारा धनी. जिथे राखण आहे तिथे झाड तोडायची सोडाच, फांदी मोडायचीही कोणाची छाती नाही. परशुरामाच्या गावातही हाच कायदा असणार, कारण तो खाली उतरला, चपला काढल्या आणि म्हणाला, "आधी सांगायचं न्हाई व्हय मावशी?" शेवंतीला म्हणायचं होतं, राखण म्हणजे मी. पण जेसीबी थांबलेला बघून तिने तोंड मिटून घेतलं. रस्ता निवडुंगाला वळसा घालून गेला. मी दुसऱ्या दिवशी पाववाल्या पदेराकडून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले आणि शेवंतीच्या घरी नेऊन दिले. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

हसणं फार दिवस टिकलं नाही. आधी एक लाल फडका आला, मग घंटा, मग तेलाचे दिवे. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की झाडाचा आकार ओंकाराचा आहे. मी म्हटलं, ओंकार कुठला, नीट बघा, तो ळ आहे. पंच गौरेश हसला.

"काका, ळ-क कोण नारळ फोडता?"

"नारळात ळ असाच," मी म्हटलं, "मगे ळ-क आणखी ळ कित्या होयो?"

लोक हसले आणि नारळ फोडत राहिले. नारळाचं एक वेळ चालतं हो. त्याच्यामागून दूध आलं. दुधामागून पाणी. नवस बोलायचा तर घरून कळशी भरून आणायची आणि बुंध्यात ओतायची, अशी रीत कोणी पाडली ते सांगणारा कोणी भेटला नाही, पाळणारे मात्र रांगेने. म्हाताऱ्या बायका उन्हात चढण चढून कळशी आणायच्या. त्यांचे हाल बघून गौरेशने काय केलं? भर मे महिन्यात, आमच्या वाड्यावर बायका टँकरची वाट बघत बसलेल्या असताना, त्याने निवडुंगाला नळ दिला. आणि भोवती सिमेंटचा चौथरा बांधला, कडेला चांगला हातभर कठडा काढून. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जेसीबीने एका घावात संपवला असता. हे लोक हात जोडून, हळूहळू, प्रेमाने मारत होते.

मी गौरेशला सांगितलं, "निवडुंग कुजतलो. बंद कर ह्यां पाणी."

"पावसात चार महिने भिजता, तेव्हा मरणा नाय? आता कळशीभर पाण्यान मरतलो?"

"पावसाचां पाणी सड्यार थांबणा नाय, जांभ्यातसून वाहून जाता. तू सिमेंटाची टाकी बांधलंस रे त्याच्या पायांत."

"काका, देवाच्या कामात इतको हिशेब करू नये."

शेवटी मी शेवंतीला पुढे केलं. म्हटलं, तूच सांग काय घडलं ते. भर चौथऱ्यावर ती बिचारी उभी राहिली आणि म्हणाली, "देव नाय, कोण नाय. राखण म्हणजे मीच होतंय. गोकुळदासदादान माका झाड राखूक सांगलेल्यान." मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली, तिने शेवंतीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "बाये, देवच तुझ्या तोंडान बोललो." त्या दिवसापासून लोक शेवंतीलाही नमस्कार करायला लागले. ती मला म्हणाली, "दादा, आता तुम्ही माका काय एक सांगू नकात." आणि शेळ्या घेऊन दुसऱ्या अंगाने जायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणायची सोय नव्हती. इथे पाणी चांगलं मुरत होतं.

बुंधा खाली तपकिरी पडला. बोट लावलं तर ते आत जायचं, पिकलेल्या पपईत जावं तसं, आणि वास यायचा. मी रात्री झोपत नव्हतो. विनिता काट्यांवरून टोमणे मारायचं सोडून चहा करून समोर ठेवायची.

आणि एका सकाळी उजवी फांदी पडली. वारा नाही, काही नाही. आपल्याच वजनाने मोडून चौथऱ्यावर पडली, चीक पांढरा वाहत होता. गाव गोळा झाला. मला वाटलं, आता तरी समजेल. समजलं, पण भलतंच. राखणदार कोपला, कारण गोकुळदास पेंटर त्याला ळ म्हणतो, पाणी बंद करा म्हणतो. उपाय ठरला: मी स्वतः देवाला गाऱ्हाणं घालायचं, चुकीची माफी मागायची, आणि मग गावाने अभिषेक करायचा. मी विनिताला म्हटलं, मी जात नाही. ती म्हणाली, "जावा. तुमका इतक्या लोकांसमोर बोलूक दुसऱ्यांदा कोण उभे करतले?"

मी गेलो. चौथऱ्यावर उभा राहिलो, हात जोडले. मागे सगळा गाव, कडेला शेवंती.

"बा देवा, ह्या सड्याच्या धन्या," मी म्हटलं.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"तुझो एक हात मोडलो. पाय कुजलो."

"व्हय म्हाराजा."

"तू सड्यार वाढलंस. जल्मात कोणाकडे थेंबभर पाणी मागूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"तर आजपासून ह्या लेकरांका बुद्धी दी. कोणी तुझ्या मुळात पाणी ओतूचां नाय. हो चौथरो फोडून टाकूचो. आणि हो नळ खाली वाड्यार न्हेवचो, थय माणसां तानेन मरतत."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला, सगळ्यात मोठ्याने.

माझे डोळे भरून आले. वळून बघतो तर गौरेश नळ सोडून बाल्दी भरतोय आणि मागे बायका कळश्या घेऊन रांगेत. एकाच्याही तोंडावर शंका नाही. गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं असतं, ऐकायचं नसतं. गौरेशने भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. "बरां गाऱ्हाणां घातलंस, काका. पयलो मान तुझो."

मला त्या तांब्याने त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. ते जमलं नाही, म्हणून मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. शेवटचा थेंबसुद्धा खाली पडू दिला नाही. रिकामा तांब्या गौरेशसमोर उपडा करून दाखवला.

मग शेवंती पुढे आली, तिने दुसरा तांब्या भरला, तीही गटागटा प्यायली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिच्यामागच्या म्हातारीने कळशी कलंडवली ती स्वतःच्या ओंजळीत. "तीर्थ," ती मागे वळून म्हणाली. रांगेत तो शब्द मागे मागे गेला. मग गाव एकेक करून पुढे येत राहिला, झाडाला नमस्कार करून पाणी पीत राहिला, आणि गौरेश बाल्दी धरून सगळ्यांना वाढत राहिला. आता रीत तशीच पडली आहे. मुळात कोणी ओतत नाही.

चौथरा मी नि शेवंतीने एका दुपारी एका बाजूने फोडला, पाण्याला वाट केली. बुंध्याची कुज वाळतेय. कदाचित जगेल.

त्याच संध्याकाळी जाऊन दगडावर बसलो. मावळतीकडे बघितलं. मधला बुंधा उभा, डावी फांदी पोटासारखी वळलेली, उजवीकडे काही नाही. बराच वेळ बघितल्यावर ध्यानात आलं. तो आता व झाला होता. कुठलाही शिकाऊ पेंटर काढतो तो.