धाकटीची घडीची खुर्ची

कंपन्या दोन, पण विमानतळावर त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. मोठीला थोरली म्हणायचं, तिने काढलेल्या छोटीला धाकटी. थोरलीची विमानं समुद्र ओलांडायची, धाकटीची आडबाजूच्या गावांना जायची. विमानावरचा रंग थोरलीचा, तिकीट थोरलीचं, वेळापत्रक ठरवणार तीच. धाकटीने फक्त विमान, वैमानिक आणि घाम पुरवायचा. उशीर झाला की प्रवासी थोरलीवर ओरडत, थोरली धाकटीवर ओरडे. धाकटीने कुणावर ओरडावं? ती आपली मुकाट्याने इंजिन सुरू करायची.

मावशी या धाकटीच्या गेटवर कामाला होत्या, आणि लेक दिली ती नेमकी थोरलीच्या कॅप्टनच्या घरात. लग्नात व्याह्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "काय हो विहीणबाई, तुमचं ते खेळण्यातलं विमान वळताना खिडकीतून हात दाखवावा लागतो का?" पाहुणे पोट धरून हसले. मावशीही हसल्या, पण ते वाक्य त्यांनी विसरायचं नाही म्हणून नीट लक्षात ठेवलं.

आज सकाळी लेकीला मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं होतं. लेक नवऱ्यासोबत राहायची त्या डोंगरातल्या गावाला एकटी धाकटीच जायची, आणि आता संध्याकाळचं एकच विमान उरलं होतं. सासू कालच पोचली होती. आई मात्र इथे जगाला "प्रवास सुखाचा होवो" म्हणत उभी. "आई, आज ये गं," एवढंच बोलून लेकीने फोनवर रडायला सुरुवात केली होती.

ड्यूटी संपताच मावशी गेटच्या अलीकडून पलीकडे आल्या. कर्मचाऱ्यांना उरल्यासुरल्या जागा मिळत, आणि विमानात नेमकी एक जागा उरली होती. मावशींनी पिशवी खांद्याला लावली, तोच कॅप्टनच्या वेशात व्याही धापा टाकत हजर.

"नातीला बघायला निघालो," ते म्हणाले. "जागा आहे ना?"

काउंटरवरच्या पोराने मान खाली घातली. "मावशी, थोरलीची माणसं आधी. नियम आहे."

"अरे, विमान आपलं ना?"

"विमान आपलं, मावशी. जागा त्यांच्या."

घर माझं आणि जेवायला शेवटी मी, असलाच हा न्याय. मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. व्याही चुळबुळले. माणूस वाईट नव्हता, फक्त आयुष्यभर उंचावरून बघायची सवय लागलेली. "तुम्ही जा विहीणबाई, मी उद्या बघतो," ते म्हणाले खरे, पण हातातल्या फोनवरच्या नातीच्या फोटोवरून त्यांची नजर हलेना.

ते पाहून मावशींचा राग निम्मा उतरला. "दोघंही जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "कॉकपिटमधली घडीची खुर्ची रिकामी आहे. मला तिथे बसता येत नाही. तुम्हाला येतं."

ती खुर्ची म्हणजे दोन वैमानिकांच्या पाठीमागचं जेमतेम स्टूल. त्यावर वैमानिकालाच बसता येई, तेही त्या विमानाच्या कॅप्टनने हो म्हटलं तर, आणि रीत अशी की टोपी काढून स्वतः विचारायचं. थोरलीचा कॅप्टन धाकटीच्या दारात असा उभा राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मी? त्या पोरीला विचारू?" आजची कॅप्टन व्याह्यांच्या मुलापेक्षाही लहान होती.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. "आई, बसलीस ना विमानात?" लेकीचा थकलेला आवाज व्याह्यांनाही ऐकू गेला. त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि तरातरा विमानाकडे निघाले.

"कॅप्टन," दारात वाकून ते म्हणाले, "तुमच्या विमानात मला बसायला जागा द्याल का?"

मावशींच्या डब्यातलं खाऊन त्या पोरीने नोकरीची पहिली वर्षं काढली होती. लग्नातली गोष्ट तिला तोंडपाठ होती. "या ना सर," ती म्हणाली. "अट एकच. छोट्याला छोटं म्हणून हिणवायचं नाही."

"कबूल," व्याही म्हणाले, आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले.

डोंगरातली धावपट्टी आखूड, वारा आडवा. पोरीने विमान अलगद टेकवलं. व्याही पाठ चोळत बाहेर आले. "विहीणबाई, मला नसतं हो असं जमलं," म्हणाले. एवढं ऐकायला मावशींनी आणखी दहा लग्नं सोसली असती.

दवाखान्याच्या खोलीपाशी व्याही थांबले आणि बाजूला झाले. "आता आधी तुम्ही. मी मागून येतो."

मावशी आत गेल्या. लेकीला पोटाशी धरलं, दोघी मनसोक्त रडल्या. मग त्यांनी बाळ उचललं आणि दाराशी ताटकळलेल्या आजोबांच्या हातात दिलं.

मोठमोठी विमानं पेलणाऱ्या त्या हातांनी तिला अलगद छातीशी धरलं. "अरे बापरे, केवढीशी आहे ही!"

"व्याहीबुवा," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "कबूल केलंय तुम्ही."